जड स्पीकरवाल्याला माझं दुकान नाही

मी, श्ये आ-लुआन, वय वर्षे एक्क्याऐंशी, कैलासवासी कुओ तिएन-साङ यांची बायको, राहणार ताइचुंग, स्टेशनमागची वीजसामानाची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नये. डोकं ठिकाणावर आहे, कान त्याहून ठिकाणावर. कुणी धाक घातलेला नाही. घालून तर बघा!

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा रुइ-पिन याला. मुलाचा हिस्सा कायद्याने बुडवता येत नाही, असं वकिलीणबाई म्हणाल्या. बुडवायचाही नाही. पोर वाईट नाही, फक्त डोळ्यांनी ऐकतं.

कलम दोन. दुकान मात्र रुइ-पिनला मिळणार नाही. माझ्यामागे ते एका बड्या नावाच्या कंपनीला शोरूमसाठी द्यायचं त्याने ठरवलंय. कागद तयार आहेत, खोळंबा काय तो माझ्या मरणाचा. म्हणून कारण नीट लिहून ठेवते.

आमच्या गल्लीत गिऱ्हाईक स्पीकर आधी उचलून बघतं. जड तो चांगला. कलिंगडासारखी टिचकी मारणारेही आहेत. आमच्या ह्यांनी स्पीकरच्या पेट्या बनवायला घेतल्या तेव्हा आवाज असा, की समोरची फळवाली गाणं संपेपर्यंत सुटे पैसे देईना. पण पेटी हलकी, म्हणून लोक खाली ठेवून जात. शेवटी ह्यांनी एकीत वीट बसवली. त्याच दिवशी खपली! मी भाजलेलं बदक आणलं, पण ते तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वीट काढून आणली आणि दुकानावर पाटी लावली, "हलका आहे. ऐकून घ्या." त्या पाटीवर बावन्न वर्षं संसार केला.

गेल्या नववर्षाला रुइ-पिनने त्या कंपनीची जोडी आणली. किंमत आमच्या जोडीच्या अठरापट. मी चादर टांगली, मागे दोन्ही जोड्या मांडल्या आणि देवळापुढच्या नाटकाची जुनी टेप आळीपाळीने वाजवली.

"दुसरी, आई! याला म्हणतात नाव," रुइ-पिन म्हणाला.

"मलाही दुसरीच आवडली," सूनबाई यू-चिन म्हणाली. "नाव काही ऐकू आलं नाही बाई."

चादर ओढली. दुसरी आमची!

"तू काहीतरी चलाखी केलीस," म्हणत तो उचलून बघायला लागला. "बघ, किती हलकी आहे!"

मी त्याच्या स्पीकरचे स्क्रू काढले. तळाला लोखंडाची जाड पट्टी चिकटवलेली, नुसती वजनाला. म्हटलं, "हिला गायला सांग बाळा." यू-चिन इतकी हसली की खुर्चीवरून घसरली.

"आई, लोक नावच विकत घेतात," तो म्हणाला.

"घेऊ देत. माझ्या दुकानातून नाही."

सबब दुकान, हत्यारं, तारांची खोकी आणि ती चादरसुद्धा माझी सून फांग यू-चिन हिला देत आहे. तिने ते कोणत्याही कंपनीला देऊ नये.

कलम तीन. माझ्या अंत्यविधीला भाड्याचा भोंगा नको. माइकवरून हंबरडा फोडणारी भाड्याची बाईही नको. रडणाऱ्याने आपापल्या आवाजात रडावं.

कलम चार. मी काही निर्दयी नाही. दर नववर्षाला रुइ-पिनने चादरीपुढे बसावं. नुसत्या कानाने दहापैकी दहा वेळा महागडी जोडी ओळखून तीच निवडली, तर यू-चिनने हूं की चूं न करता दुकान त्याच्या नावे करावं. मी हरले. आणि दर वेळी बोट आमच्याच पेटीकडे गेलं, तर त्याने कंपनीचे ते कागद फाडावेत, बायकोशेजारी स्टूल ओढून बसावं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवावं.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात. चार लोकांना कळू दे.

साक्षीदार: १. चुआंग वान-फू, शेजारचा वायरवाला (सही)
२. फान सू-ये, फळवाली (सही)

ठिकाण: ताइचुंग, दुकानाच्या गल्ल्यावर बसून
तारीख: आमच्या सालाप्रमाणे ११३ (इंग्रजी २०२४), अकरावा महिना, सहा

श्ये आ-लुआन
(सही व शिक्का)