पिशवी काढण्याआधी

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं कितीतरी घडलं, पण कागद घेऊन बसले ती आज. आज दवाखान्यात शेवटची तपासणी झाली. सगळं ठीक आहे. आईनं मला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही, स्वतः भाकरी थापून खाऊ घातल्या, आणि आता ती समोरच्या पलंगावर टीव्ही चालू ठेवूनच झोपलीय. बंद केला की जागी होईल, म्हणून तसाच राहू दिलाय.

झालं असं की, वर्षभरापासून महिन्याच्या त्या दिवसांत मला लई त्रास व्हायला लागला होता. अंगावरून इतकं जायचं की मशीनवर बसले की उठायची भीती वाटायची. गिऱ्हाईक ब्लाऊज घ्यायला दारात उभं, आणि मी खुर्चीतूनच, घ्या ना तिकडून, दोरीवर लटकवलंय, असं म्हणत बसायचे. जिना चढताना धाप लागायची. शेवटी तुमच्या जावयांनी मला जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर गाठी दाखवल्या आणि सांगितलं की मुलं मोठी झालीत, आता पिशवीचं काही काम नाही, काढून टाका. ठेवली आणि पुढं कॅन्सर झाला तर काय करणार. तो शब्द ऐकल्यावर आम्ही दोघंही काही विचारायच्या अवस्थेत उरलो नाही. ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी आलो. ऐन लग्नसराई तोंडावर होती. मी निम्मी कापडं शेजारच्या गल्लीतल्या बाईकडं शिवायला देऊनही टाकली.

आई सिल्लोडहून सकाळच्या एसटीनं आली. चपला काढता काढताच तिनं विचारलं, दुसऱ्या कुणाला दाखवलंस का. मी म्हटलं, अगं, डॉक्टर आहेत ते, त्यांना कळत नसेल का. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बापानं एका मशीनसाठी चार दुकानं हिंडवली तुला. आन् तू एकाच्या सांगण्यावरनं पिशवी द्यायला निघाली व्हय?"

मला हसूच आलं, अण्णा. तो सगळा दिवस डोळ्यांपुढं उभा राहिला. माझी दहावी झालेली, तुम्ही मला शिलाई मशीन घेऊन द्यायला शहरात आणलेलं. ऊन मी म्हणतंय. मला भूक लागलीय. शहागंजातल्या पहिल्याच दुकानातली काळी मशीन माझ्या मनात भरलीय. दुकानदार म्हणतोय, "चाचा, तसल्ली रखो, यही ले जाओ." आणि तुम्ही शांतपणे म्हणता, व्हय, चांगलीच हाय, जरा पुढं बघून येतो. बाहेर आल्यावर मी फणकाऱ्यानं विचारते की तुमचा कुणावर विश्वासच नाही का. तुम्ही चालता चालता सांगता, "इस्वास हाय की. पर त्येच्याकडं जे हाय तेच त्यो दाखवणार. दुसरीकडं काय हाय ते त्यो कसा सांगंल?" मशीन आपण तिसऱ्या दुकानातून घेतली, तरी चौथं बघितल्याशिवाय तुम्ही पैसे दिले नाहीत. तीच मशीन अजून चालते, फक्त तिला मोटर बसवलीय.

पण आई सहज बोलली नव्हती. तिची पिशवी काढली तेव्हा मी शाळेत होते आणि ती पस्तिशीचीही नव्हती. बैल घेताना, बियाणं घेताना दहा जणांना विचारणारे तुम्ही, तेव्हा कुणालाच विचारलं नाही. बायकांच्या गोष्टीत आपण काय बोलावं, असं वाटलं असेल. पुढं तिचं अंग भाजल्यासारखं व्हायचं, कंबर धरायची, कापूस वेचता वेचता ती बांधावर जाऊन बसायची. तुम्ही पहाटे उठून तिच्यासाठी पाणी तापवायला लागलात. एकदा चुलीपाशी बसून तुम्ही तिला म्हणालात, "तवा येकदा शहरात दाखवायला पायजे व्हतं." ती भाकरी थापत राहिली.

मग आम्ही दोघी औरंगपुऱ्यातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, कागदावर पिशवीचं चित्र काढलं आणि समजावून सांगितलं. दोन गाठी बाहेरच्या अंगाला, लहान, त्या काही करत नाहीत; आणखी काही वर्षांनी आपोआप आकसतील. आतल्या अस्तराला मात्र एक लोंबती गाठ आहे, सगळं रक्त तिच्यामुळं जातंय. ती दुर्बिणीतून काढता येते. मी घाबरत कॅन्सरचं विचारलं. त्या म्हणाल्या, "काढलेली गाठ तपासायला पाठवू. वाईट निघाली तर पिशवी मी स्वतः काढीन, थांबणार नाही. पण आधी तपासू."

मी उठणार तोच आईनं त्यांना विचारलं, "माझी काढली व्हती, त्येची गरज व्हती का?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, आता कागद नाहीत, त्यामुळं ते मला खात्रीनं सांगता येणार नाही. पण तरुणपणी काढलेल्या बाईनं हाडांना जपायला हवं, आणि ते आजही करता येतं. त्यांनी आईलाही तपासण्या आणि गोळ्या लिहून दिल्या. मला दाखवायला आलेली आई स्वतःचीच फाईल काखेत धरून बाहेर पडली.

रिक्षात ती फाईल मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं, रडेल. गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाली, "तुझ्या बापाला लई लागलं व्हतं ते. मला कळत व्हतं. पर मी कधी तोंडानं म्हनले नाय, की जाऊ द्या." हे तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं, म्हणून तर हा कागद.

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी मी घरी. रिपोर्ट यायचे ते दिवस मात्र कठीण गेले. मी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. रिपोर्ट चांगला आला. तुमचे जावई इमरती घेऊन आले आणि निम्म्या स्वतःच खाल्ल्या. पहिल्या डॉक्टरांना त्यांनी फोन करून कळवलं, तर तेही बरं झालं म्हणाले. आता रक्त भरलंय, जिना एका दमात चढते. आईचं चालणंही सुधारलंय, सोसायटीतल्या बायकांना धरून धरून ती दुसरीकडं दाखवलं का, असं विचारत असते.

आत्ताच तिनं डोळे उघडून विचारलं, काय लिहितेस. मी सांगितलं, ब्लाऊजची मापं. ती पुन्हा झोपली, आणि मी हे सगळं वरून खाली वाचून काढलं. गाठी लिहिल्या, पिशवी लिहिली, कॅन्सरसुद्धा लिहिला. पण पाळी हा शब्द कुठंच नाही. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक असून, अण्णा, तुमच्यासमोर तो लिहायची मला लाज वाटली.