आबांच्या चिलमीचा तुकडा

आक्रा, घाना
१८ मार्च १९७९

प्रिय मुक्ताअक्का,

जालिंदरचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पावलं. आपल्या युसूफ वडगावच्या विहिरी फेब्रुवारीतच आटल्या, हे वाचून जीव वरखाली झाला. मी ठीक आहे. शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत विद्यापीठाच्या उत्खननावर सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढतो. हसू नकोस, सगळ्या मातीच्या चिलमीच! आपल्याकडच्यासारख्या सरळ नाहीत. तोंड वर वळलेलं, मागं नळी खोचायला भोक.

पण काय काय सांगतात गं त्या! वरच्या थरांत ढिगानं सापडतात, खाली गेलं की एकही नाही. म्हणजे चारशे वर्षांमागं इथं तंबाखूच नव्हती. ती गोऱ्यांच्या जहाजांतून आली. चिलीम मात्र लोकांनी आपल्याच मातीची, आपल्याच नक्षीची घडवली. पुढं तसल्याच जहाजांनी इथली माणसं गुलाम करून नेली. समुद्रापलीकडच्या एका बेटावर गुलामाच्या कबरीत इथल्या घडणीची चिलीम निघाली, असं आमचे साहेब सांगत होते. सगळं हिसकावलं, तरी ती त्याच्यापाशी राहिली. त्या दिवशी माझ्या हातून रेघ ओढवेना.

बहात्तरच्या दुष्काळात मजूर सोसायटीच्या खडी फोडायच्या कामावर आबा घटकाभर टेकून चिलीम ओढत होते. मी कॉलेजात शिकून शहाणा झालेलो. "दीक्षा घेतली अन् ही सुटंना व्हय तुमाला?" म्हणून चारचौघांत हिसकली आणि दगडावर आपटली. आबा एवढंच म्हणाले, "माज्या बापाची व्हती रं ती." आणि पुन्हा हातोडा उचलला. त्यानंतर बाप लेकाशी बोलला नाही.

तू लिहिलंस, आबांनी खापऱ्या फडक्यात बांधून ठेवल्यात, अधूनमधून जुळवत बसतात आणि एक तुकडा कमी पडतो. तो हरवला नाही, अक्का. त्या संध्याकाळी मीच उचलला. परत द्यायची लाज वाटली, फेकवेना. इतकी वर्षं माझ्या पेटीत आहे. इथल्या शेकडो तुकड्यांवर मी नंबर घातले, त्याच्यावर नाही घातला.

मला घरी यायचंय गं. फार आठवण येते.

हे पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखव. "येऊ दे त्याला" म्हणाले तर लगेच कळव. काहीच बोलले नाहीत, तर हे ऐकूनही ते फडकं जपून ठेवलंय का, तेवढं लिही. ठेवलं असेल, तरी मी निघतो.

उरलेला तुकडा सांभाळून असलेला,
तुझा धाकटा
जालिंदर