एक्कावन्न पत्ते

कुंभकोणम्, कार्तिक वद्य तृतीया. दिवेलागण.

आज शेजारच्या रामय्यरांनी माझी चांगलीच फजिती केली. रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाकडून ते पोकर शिकून आले, तेव्हापासून चिंचोके लावून आम्ही दोघं रोज खेळतो. आज त्यांनी विचारलं, पहिल्याच वाटपात पाच पत्त्यांत चारी राण्या येण्याचा संभव किती? मी शाळेत गणित शिकवणारा, पाटीवर लगेच मांडलं. चौपन्न हजार एकशे पंचेचाळीस हातांत एकदा.

"अहो राव," ते हसत म्हणाले, "चारी येतील कुठून? बदामराणी तर तुमच्या मंडळींनी तंजावरला नेली!"

खरंच की. पत्ते एक्कावन्नच आहेत. संभव शून्य. विसरलो कसा? की कमळा घरातच आहे असं धरून मांडलं?

ती भांडून माहेरी गेली. "पत्त्यांपुढे मी दिसते कुठे तुम्हाला?" म्हणाली, बदामराणी उचलून कनवटीला खोचली, आणि उंबऱ्यात "जाते" म्हणाली. "येते" नाही, "जाते". आपल्यात असं कुणी म्हणतं का? इथले तमिळ लोकसुद्धा निघताना "जाऊन येतो" म्हणतात.

तो एक शब्द कानातून जात नाही. रामय्यर नवा कॅट आणतो म्हणाले. मी नको म्हटलं.

पाटी पुसून पुन्हा बसलो, पण हे गणित मांडताच येत नाही. "जाते" म्हणाली, हे खरं. पण नुसता रागच होता तर अख्खा कॅट विहिरीत टाकायचा. एकच पत्ता, तोही बदामाचा, जपून कनवटीला कशाला?