जावईबापूंनी टाकलेले एक्के

न्सांगी,
सोमवार, ११ मार्च

चिरंजीव जावईबापू,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं खुशाल असाल, निदान तब्येतीने तरी. छोटीचा पुढचा दात पडला असं जोव्हिया फोनवर म्हणाली. आता बोलताना तिची शिट्टी वाजत असेल. ऐकायला यावंसं वाटतं.

इकडचं ठीक आहे. परसातल्या दोन केळी एकदमच व्यायल्या, एकीला टेकू दिलाय. पिवळी कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि कुणाला जवळ फिरकू देत नाही. माझा गुडघा आपला नेहमीसारखा कुरकुरतो. फ्रिजवरच्या त्या माशाच्या चषकावर मी फडकं टाकून ठेवलंय, धूळ बसते म्हणून.

लोक अजून येतात. परवा चर्चमधल्या बायका आल्या, अंगणात फेर धरला, आरोळ्या ठोकल्या. म्हणाल्या, "नाम्पीमा, सगळ्या तरण्या पोरांच्या नाकावर टिच्चून पितळी मासा आणलास की गं किसुमूहून!" मी हसले. पण त्या दिवशी शेंगदाण्याच्या रश्श्यात माझ्याकडून मीठ दोनदा पडलं, आणि एकीनेही तोंड वाकडं केलं नाही. जिंकलेल्या बाईचा रस्सा खारट लागत नाही बहुतेक.

केवढं वाढलं नाही हे सगळं, जावईबापू! मला अजून सेम्पाची ती कबालागालाची पत्त्यांची खोली आठवते, दारूच्या गुत्त्यामागची. पोकरच्या चकत्यांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची बुचं, आणि खुर्च्या अशा की जरा मागे रेललं की माणूस आडवा. मी तिथे वाफवलेली केळी आणि रस्सा घेऊन यायची. पाट्या उतरवता उतरवता पोरांच्या खांद्यांवरून डोकवायची आणि मनात म्हणायची, अरे ह्या गाढवाने हे पत्ते का टाकले?

पण खेळ खरा शिकवला तो तुम्हीच, तोही भिंतीआडून. जोव्हियाला भेटायला यायचात तेव्हा तुम्ही ओसरीवर, मी आत केळी सोलत, मधे भिंत. तुम्ही बाहेरून ओरडायचात, "आई, तुमच्या हातात दोन राण्या. समोरचा सगळं पुढे सारतो. काय कराल?"

मी म्हणायची, "आधी सांगा, तो बसलाय कसा?"

"खुर्चीत मागे रेलून, पाय पसरून."

"मग घाबरलाय मेला. मी बघते त्याचे पत्ते."

"आई, तुम्ही एक दिवस मला उपाशी मारणार!"

आणि जोव्हिया मधे दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही दोघं भिंतीशी बोलता की एकमेकांशी, तेच कळत नाही मला."

मी कधी शाळेत गेले नाही. जे आलं, अगदी अक्षरंसुद्धा, ते बघून आणि ऐकून आलं, आणि त्यातलं बरंचसं त्या भिंतीतून आलं.

पुढे तुम्ही बँकेतली नोकरी सोडून खेळाचाच धंदा केलात. तेव्हा तुमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता. तेच आता ओळखीपाळखीच्यांना सांगत फिरतात, माझा मुलगा सरोवर मालिकेत खेळतो. आणि मालिका तरी किती फोफावली! आधी नुसतं कंपाला, मग एंटेबे, जिंजा, बुकोबा, म्वांझा, किसुमू. नालुबाले सरोवराला पूर्ण वळसा घातला तिने. खेळाडूंसाठी वेगळ्या बस, हॉटेलात जागा नाही, दारावर पहारेकरी. गेल्या खेपेला बसमध्ये शेजारी बसलेला एक शिक्षक मला विचारत होता, "आजी, तुम्ही नातवाला सोडायला निघालात का?" मी म्हटलं, "नाही हो, नातीला घरी ठेवून खेळायला निघालेय."

एक गोष्ट मात्र त्या जुन्या खोलीतली बरी होती. सेम्पाला सगळ्यांची नाती पाठ. खुर्च्या मांडायच्या आधी तो ओरडायचा, "सासवा खिडकीपाशी, जावई दारापाशी! सासरे-सुना कुणी आहेत का? आत्ताच बोला, मागून माझ्या डोक्याशी कटकट नको!" लोक हसायचे. पण म्हणूनच तुम्ही आणि मी इतकी वर्षं एकाच छपराखाली खेळलो आणि माझी मान कधी खाली गेली नाही. आता सेम्पा कोट घालून दाराशी पाहुण्यांना पाणी देतो आणि जागा यंत्र ठरवतं. यंत्राला काय कळणार कोण कुणाची सासू.

किसुमूबद्दल लिहायचं टाळतेय मी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी पोकळ बोली लावते ती तुम्ही भिंतीपलीकडून ओळखायचात.

जोव्हियाचं लग्न ठरल्यापासून मी आपल्यातली सासू-जावयाची आड कधी मोडली नाही, समोरासमोर यायचं नाही म्हणजे नाही. एकदा नातेतेच्या बाजारात तुम्ही समोरून येताना दिसलात, तर मी शेजारच्या दुकानात घुसले आणि नको असलेली विळी विकत घेऊन बाहेर पडले. माझी आई सांगायची, जावयाच्या अंगाला अंग लागलं तर ओबुको जडतो, हात कापायला लागतात आणि मरेपर्यंत कापत राहतात. मी हे मानते की नाही, मला नीट सांगता येणार नाही. पण ती विळी अजून घरात आहे.

तर शेवटच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती, माझ्या उजव्या हाताची. तुम्ही टोपी खाली ओढून, काळा चष्मा लावून आलात. मी वर बघितलंच नव्हतं. मग तुमचा आवाज आला, "माझी जागा बदला."

पंच ओडुंगा म्हणाला, "जागा यंत्राने दिली आहे, बदलत नाही."

"विनंती करतो."

"कारण सांग, मग बघतो."

"कारण सांगण्यासारखं नाही."

तुम्ही सांगायचं नव्हतंच ते. मी थोरली, ते माझं काम होतं. उठायचं, पदराने तोंड झाकायचं आणि म्हणायचं, हा माझा जावई आहे, मी जाते. एवढं म्हणायला काय लागतं? मी चकत्यांची उतरंड पाडली आणि पुन्हा रचली, आणि परत पाडून परत रचली. माझ्यासमोर कॅमेरा होता, जावईबापू. वर पडद्यावर माझा चेहरा खिडकीएवढा दिसत होता. केळी विकणारी बाई शेवटच्या टेबलावर! मला उठवेना.

तुम्ही खुर्ची तिरकी करून पाठ माझ्याकडे फिरवून बसलात. म्वांझाचा तो मसांजा म्हणालासुद्धा, "काय रे सेकिट्टो, आजीच्या अंगाला वास येतो का?" सगळे हसले. तुम्ही टोपी आणखी खाली ओढलीत. मीही हसले थोडी, लोकांबरोबर. ते हसणं मला अजून गिळवत नाही.

मग तो डाव. माझ्या हातात दोन राण्या, टेबलावर एक्का, सत्ती, चौकी. होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या पुढे सारताना माझं कोपर तुमच्या बाहीला लागलं. अगदी ओझरतं. पण माझा हात जो कापायला लागला तो थांबेना. मसांजा माझ्या बोटांकडे बघून म्हणाला, "म्हातारीचा हात थरथरतोय. नक्की काहीतरी मोठं लागलंय तिला!" आणि त्याने पत्ते फेकले. मला मनातून बरं वाटलं. भीतीने कापणाऱ्या हाताचासुद्धा मला फायदा घेता आला.

आणि मग तुम्हीही पत्ते टाकलेत.

तुमच्याकडे काय होतं ते मला मागून कळलं. टेबलातल्या काचेतून पत्ते बाहेरच्या पडद्यावर जातात, थोड्या उशिराने. बाहेरची गर्दी एकदम ओरडली. दोन एक्के तुमच्या हातात, एक टेबलावर. तुम्ही नुसती मान हलवली असतीत तर मी तिथेच संपले असते, आणि तो पितळी मासा कदाचित तुमच्या घरी असता.

विश्रांतीत ओडुंगाने आपल्या दोघांना बाजूला घेतलं. त्याने आधी मलाच विचारलं. वयाने मोठी म्हणून, मानाने विचारलं. "आई, तुम्ही ह्या माणसाला ओळखता का?"

मी म्हटलं, "मी ह्या माणसाला ओळखत नाही."

तुम्ही जमिनीकडे बघत होतात. तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, "बाईंचा काही संबंध नाही. मी पत्ते नीट बघितले नाहीत." त्यांनी तुम्हाला टेबलावरून उठवलं. लोक तुम्हाला चोर म्हणत होते, मुद्दाम हरणारा, विकला गेलेला. दारापर्यंत त्यांनी तुम्हाला शिट्ट्या मारल्या. आणि मी खुर्चीत बसून पुढचे पत्ते उचलले.

बुधवार, १३ मार्च

सोमवारी इथवर लिहिलं आणि पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. पाठवायचं धाडस नव्हतं, खरं सांगते. काल जोव्हिया आली.

ती मागेच एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, किसुमूला त्याला उठवलं त्या टेबलावर तूही होतीस का गं?" आणि मी म्हटलं होतं, "टेबलं पुष्कळ असतात, बाळ." हेही तुम्हाला माहीत असावं. पोटच्या पोरीशीसुद्धा खोटं बोलले.

काल ती रडून रडून सुजली होती. म्हणाली, "मी त्याला रोज विचारते, कुणाकडून पैसे खाल्लेस? तो म्हणतो, पत्ते नीट बघितले नाहीत. हा माणूस अंधारात पत्ते ओळखतो, आई! शनिवारी एंटेबेला समिती बसणार आहे. त्याला मालिकेतून कायमचं काढतील. मी छोटीला घेऊन तुझ्याकडे येऊ का राहायला?"

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

तिने डोळे पुसले. मग उठून तिने चषकावरचं फडकं ओढलं. त्या माशाकडे बघून म्हणाली, "ह्याचं तोंडही तुझ्यासारखंच मिटलेलं आहे."

मी म्हटलं, "मार मला हवं तर."

"मारून काय होणार? मी त्याला घरात जेवताना पाठ करून बसवलं, आई. तुझ्यासाठी पाठ फिरवून बसलेल्या माणसाला. आणि तू इथे रस्सा ढवळतेस!" मग हात पुढे करून म्हणाली, "फोन कुठे आहे तुझा?"

ओडुंगाला मीच सांगितलं, जोव्हियाने नुसता फोन कानाला धरला, कारण माझा हात धड राहत नाही. तो सगळं ऐकून म्हणाला, "आई, चषक परत द्यावा लागेल. तुमचं नावही मालिकेतून जाईल."

"जाऊ दे."

"समितीसमोर येऊन बोलावं लागेल. तो तिथे असणार. चालेल?"

"नाही चालणार. पण येईन."

मग तो म्हणाला, "आमच्या लुओ लोकांतही सासू दिसली की माणूस वाट बदलतो. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला असतात, तर मी स्वतः खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली असती."

तेव्हापासून तेच कानात घुमतंय. एक शब्द. मी समजत होते की बोलले तर सगळं हातचं जाईल. एक खुर्ची तेवढी हलली असती.

हे पत्र जोव्हियाच घेऊन येईल. तिने वाचलंय, तुम्ही कितव्यांदा वाचताय हे ती मोजेल, तर तिच्यासमोर वाचू नका. शनिवारी नक्की या. येणार नाही असं तुम्ही म्हणाल हे मला माहीत आहे, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. ती मी किसुमूला घालवून आले, आता राखण्यासारखं काही उरलं नाही. तुमचं मात्र पुष्कळ उरलंय.

खोलीत दोघांच्या मधे जोव्हिया चटई उभी धरणार आहे. मी म्हटलं, "हात दुखतील गं तुझे, सभा लांबली तर."

म्हणाली, "दुखू देत. तुम्ही दोघांनी मला काही कमी दुखवलेलं नाही."

चटईच्या अलीकडून मी सांगेन, हा माझा जावई आहे, माझ्या जोव्हियाचा नवरा. ह्याने तीन एक्क्यांचा डाव टाकला तो सासूच्या मानासाठी, आणि सासूने तो मान टेबलावरच सोडून चषक उचलला. मला हा खेळ ह्यानेच शिकवला, हेही सांगेन. लोक हसतील, मसांजा तर नक्कीच. तुम्ही पलीकडून काही बोलू नका, मला वाचवायला तर मुळीच नको. तुमची ती सवय मला फार महागात पडली, आणि तुम्हाला त्याहून जास्त.

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घ्या. शेजारणी म्हणतील ओबुको जडला. असेलही. पण कोपर लागलं तेव्हा हात कापला तो जरा वेळात थांबला होता. 'ओळखत नाही' म्हटलं तेव्हापासून मात्र थांबलेला नाही.

माफी मागत नाही, मागितली तर तुम्ही लगेच देऊन मोकळे व्हाल. पुढे कधी मनात आलंच तर ओसरीवर येऊन बसा. मी आत केळी सोलत असेन. डाव विचारू नका एवढ्यात. नुसते खोकलात तरी कळेल मला, बाहेर कोण आलंय ते.

तुम्हाला ओळखणारी,
तुमची सासू
फेलिस्ता नाम्पीमा