दोऱ्याचं ओलं टोक

प्रिय चिमे,

एवढ्याशा थुंकीवरून सख्ख्या बहिणीला कुणी चारचौघांत झापतं का? दोरा सुईत जाईना, म्हणून तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि टोक ओलं केलं. जन्मभर तेच करत आले. तू काचेपलीकडून धावत आलीस आणि म्हणालीस, "ताई, हे तुझं शिवणाचं दुकान नाही." त्याच दुकानात तुझे फ्रॉक शिवले गं मी. उपग्रहाचं ते चंदेरी पांघरूण, एकावर एक पातळ पदर घालून आठवडाभर शिवलेलं, तू केरात टाकलंस आणि मला घरी बसवलंस. त्यात तुमच्या त्या काचेच्या खोलीतले दिवे मेले मिणमिणते. कितीदा तक्रार केली, कुणी बदलेल तर शपथ. फोन केला की तू 'बघू' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. चुका काढत बसू नकोस, मी शाळेत किती गेले ते तुला ठाऊक आहे.

रिकामी बसले की डोकं चालतं. हा उपग्रह सूर्यावर नजर ठेवणार आणि त्याच्या तापानं आपल्या हवेचं काय होतं ते मोजणार, असं तू सांगितलं होतंस. तेव्हा नुसती मान डोलावली, आता विचारते. सूर्य भडकला की पार वरची हवा तापल्या दुधासारखी फुगून वर येते म्हणालीस. मग इथं खाली आपल्याला काहीच कसं जाणवत नाही? आणि तिथली हवा जर नसल्यासारखीच, तर तिच्यात घासून तुमचा आधीचा उपग्रह खाली कसा आला? एवढं धूड त्या पातळ हवेनं ओढलं? ज्याला बघायला गेला त्यानंच हवा फुगवून खाली आणलं, म्हणजे कमालच झाली. नीट समजावून लिही, घाई करू नकोस.

थुंकीचं मात्र तुझ्या टकल्या साहेबांनी न चिडता सांगितलं. वर गेल्यावर असल्या डागाची वाफ होते, ती यंत्राच्या भिंगावर बसते आणि ऊन तिला तिथंच भाजून पक्कं करतं. मग यंत्राला सूर्य मंद दिसू लागतो. सूर्यच मंदावला की आपलं भिंग मळलं, हे ओळखणं फार अवघड, असं म्हणाले. तुझ्यावरचा अर्धा राग तिथंच गेला. अर्धा आहे अजून.

पण ते बोलणं डोक्यातून जाईना. घरातलेही बल्ब मी दोनदा बदलले होते. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "उन्हात बसून खूप काम केलंत का?" म्हटलं, दुकानाच्या दारात उजेड चांगला, तिथंच बसून सगळा जन्म शिवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुमचे दिवे चांगलेच आहेत चिमे, दिवेवाल्याला सांग, उगाच बोलले त्याला. आणि दोरा मी नुसत्या सवयीनं ओला केला नव्हता. सुईचं भोकच दिसत नव्हतं.

ऑपरेशन करायचं तर सोमवारी होकार कळवायचा आहे. मग महिनाभर सुईला हात लावायचा नाही, आणि नवं पांघरूण तुम्ही त्याच महिन्यात शिवायला घेणार. तेव्हा सरळ सांग, माझी खुर्ची ठेवतेस की दुसरीला देतेस? देणार असलीस तर तसं लिही, मी रडत बसणार नाही. पण डोळे साफ झाले आणि पुढ्यात शिवायला काही नसलं, तर नुसतं बघत बसू का? रविवारपर्यंत उत्तर हवं. 'बघू' चालणार नाही.

तुझीच, अजून अर्धी रागावलेली,
ताई