सिंह नसताना

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्याशी एक भांडण राहिलंय. "काम काय करतेस?" असं तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी "हरणं बघते" म्हटलं की फोन आईकडे द्यायचात. आज ऐका. आफ्रिकेच्या माळावर टोपी नावाचं हरीण असतं, तांबूस अंगाचं, मांड्यांवर निळसर काळे डाग असलेलं. नर वारुळावर उभा राहून आपली हद्द राखतो. माजावर आलेली मादी थोडा वेळ तिथे चरते आणि पुढे निघते. ती निघाली की हा तिच्यासमोर जातो, कान टवकारतो आणि सिंह दिसल्यासारखा फुरफुरतो. सिंह नसतोच. पण खरा इशारा आणि खोटा, आवाज एकच, म्हणून ती थांबते.

इथे जर्मनीत, एर्लांगेनला आल्यावर माझ्या प्रोफेसर बाईंनी हे चित्रीकरण दाखवलं, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी मी म्हणाले, "हा खोटं बोलतोय." "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "पण तुला कसं कळलं?" मला साताऱ्याचं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी व्हिसासाठी मुंबईला निघालेय, आणि तुम्ही दारात छातीवर हात ठेवून उभे आहात. "कळ येतेय. तुला जायचं तर जा." मी बॅग खाली ठेवते. डॉक्टर म्हणतात, काही नाही. दुपारी तुम्ही आमटीभात पुन्हा मागून घेता, आई पातेलं आपटते. माझं ते वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा दारात. या वेळी आई म्हणाली, "अहो, सरका. मी आहे ना घरी." मी तुमच्या बाजूनं निघून गेले. "खरी कळ असती तर?" हे तुम्ही नंतर कितीदा विचारलंत, आणि मी विषय बदलत राहिले. आज उत्तर देते: तरी गेले असते. खरं-खोटं ओळखायचं ओझं तुम्ही माझ्यावर टाकलंत, ते माझं नव्हतं. काळजीपोटी केलंत, असंही मी म्हणणार नाही. "जाऊ नकोस, मला करमणार नाही," एवढं म्हणाला असतात तर कदाचित थांबले असते. नाही, तेव्हाही गेलेच असते. पण रडत गेले असते.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. एका चित्रीकरणात मादी थांबत नाही, सरळ निघून जाते. माझं काम तिथे संपतं. पुढे नुसता नर आहे, ती गेली तिकडे बघत उभा. त्याचा मला काही उपयोग नाही. तरी ते मी दर वेळी शेवटपर्यंत बघते.