बाळंतिणीचा ओवा

उचगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संयोगितास तुझ्या आबाचे पोटभर आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघाही बरा आहे. गारगोटीकडे थंडी पडली असेल, कान बांधून झोपत जा. जावईबापूंना आणि घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार सांग.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू नुसती "हं, हं" करत बसतेस. कागदावर तसं होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

बातमी अशी, की तुझ्या बापाला ओवा भाजता येतो. हसू नकोस. भज्यात चिमूटभर टाकतो तोच ओवा, पण बाळंतिणीसाठी भाजायचा म्हणजे खायचं काम नाही. माझा सगळा जन्म फौंड्रीत गेला. भट्टीचा नुसता रंग बघून लोखंड ओतायला झालं की नाही ते सांगायचो. आणि पहिल्याच दिवशी कढईभर ओवा जाळून ठेवला! घरभर धूर, डोळ्यांना धारा, खोकून खोकून जीव गेला. शेजारची शालूबाई नाकाला पदर लावून पळत आली.

"बाळासो, आग लागली काय रं?"

"आग न्हाई मावशी, ओवा हाय."

"ह्यो ओवा? ह्यो कोळसा हाय की!"

तिनं कढई हिसकावून घेतली आणि शिकवायला लागली. गॅस बारीक ठेवायचा, हात थांबवायचा नाही, आणि वास सुटला की लगेच उतरायचं. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनं अंघोळी घातल्यात, तुलाही घातली आहे. तिची बोलणी रोज खाल्ली, पण शिकलो. आता माझ्या हातचा ओवा तोंडात टाकून ती गप्प बसते. शालूबाई गप्प बसली म्हणजे केवढं, ते तुला मी सांगायला नको.

ओवा, बाळंतशेपा, तीळ आणि सुकं खोबरं, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि वरून सैंधव घालायचं. जेवणानंतर चघळायला डबा भरून तयार आहे. ओव्याचं पाणीही करता येतं, उकळून, गाळून, कोमट. कंबर शेकायला तुझ्या आईच्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा काढला. त्यात भरडलेला ओवा बांधून पुरचुंडी केली. ती तव्यावर टेकवायची आणि आधी आपल्या मनगटाला लावून बघायची. सगळे प्रयोग माझ्या गुडघ्यावर झालेत.

धुरीवरून मात्र आमचं वाजलं. शालूबाईचा हट्ट, बाळ झालं की शेगडीत ओवा टाकून त्याला धुरी द्यायचीच. मी तिला रिक्षात घालून सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आईला ओवा खाऊ दे, शेक घेऊ दे, पण बाळाच्या खोलीत धूर अजिबात नको आणि बाळाला आईच्या दुधाशिवाय काही पाजायचं नाही. परत येताना म्हातारीचं तोंड हे एवढं फुगलेलं. "मग आमची पोरं काय धुरानं मेली व्हय?" मी म्हटलं, "मावशी, तुमची जगली, पण माझ्या घरात डॉक्टरचं चालणार." दोन-तीन दिवस फिरकली नाही. मग आपणहून शेपा निवडायला आली.

आता फजिती ऐक. किराणा दुकानात मी मागितलं, "बाळंतिणीचा ओवा द्या, चांगला जाडा." माझा आवाज तुला माहीत आहे. दुकानात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. संध्याकाळी त्या सगळ्या दारात हजर! हातात बाळंतविडा, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू.

"पोरगा का पोरगी? आणि संयोगिताला आणलीसा कवा? आमाला कळवलं बी न्हाई!"

काय सांगणार? म्हटलं, "अजून वेळ हाय की. पुढच्या हप्त्यात आणायची हाय तिला."

बाळ बघितल्याशिवाय विडा द्यायचा नसतो, म्हणून झबली परत नेली. लाडू तेवढे ठेवून गेल्या. ते मीच खाल्ले. पण गोड लागले नाहीत, कारण मी खोटं बोललो होतो. तुला इकडं आणायचं ठरलंच कुठं होतं?

आता लिहितोच. डोहाळजेवणाला मी तुमच्या अंगणात पानावर बसलो होतो. आत तुझ्या आत्तेसासूबाई म्हणाल्या, "आई न्हाई, मग म्हायार कुठलं? बाळंतपण हितंच करूया." त्यांचा मला राग आला नाही. आई असेपर्यंत माहेर, असं जग म्हणतंच. पण तू म्हणालीस, "व्हय, हितंच बरं." ते मला लागलं. पानावरचं संपवलं, आहेर केला आणि एसटीत बसलो. तेव्हापासून फोनवर हवापाण्यापलीकडं बोललो नाही, ते यामुळं.

तू तसं का म्हणालीस, याचा मी खूप विचार केला. म्हातारा एकटा, त्याला कशाला त्रास, हे एक. आणि काही गोष्टी बापाला सांगायला पोरीला लाज वाटते, हे दुसरं. त्यासाठी शालूबाई आहे. अंघोळ, मालीश, तुझं सगळं ती बघणार, मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. स्वयंपाक माझा. दुपटी मी धुईन, आणि दोरीवर वाळत घालताना गल्लीतल्या कुणी बघितलं तर बघू दे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझ्या लेकीचंही व्हावं, असं मला फार वाटतं. आणि मला ते करता येतं, पोरी. हे लिहिताना माझी छाती फुगली आहे.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. जावईबापूंच्या कानावर घालून ठेव. तुझ्या मनातूनच तिथं राहायचं असेल, तर दारात स्पष्ट सांग. डबा तुझ्या हातात देईन, चहा घेईन आणि परत फिरेन. रागावणार नाही. पण आबाला झेपणार नाही म्हणून राहू नकोस. तेवढं सोडून कुठलंही कारण मला चालेल.

तुझा आबा,
आणि जमेल तेवढी आई.